हॉटेलातील नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य : खान्देशातील हॉटेलचालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास जळगावातील मध्यम आकाराच्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये डोकावले, तर स्टेजमागच्या गाद्यांच्या थप्पीवर, काही ठिकाणी नुसत्या सतरंजीवर, आठ-दहा मुले झोपलेली दिसतात. सकाळी दहाला आलेली ही मुले साडेतीनला दुपारची गर्दी आवरून मोकळी झालेली असतात आणि सातला पुन्हा उभी राहणार असतात. रात्री साडेअकराला शेवटचे टेबल उठते आणि सगळे आवरेपर्यंत साडेबारा वाजतात. कागदावर त्यांची ड्यूटी नऊ तासांची असते, घड्याळ लावून मोजली तर अकरा भरते, आणि मधली सुट्टी धरली तर दिवसाचे साडेचौदा तास हॉटेलकडेच जातात, कारण त्या साडेतीन तासांत जाऊन येण्याइतके घर कोणाचेच जवळ नसते.

या मुलांचे कसे चालले आहे, असे मालकाला विचारले की तो पगाराचा आकडा सांगतो. मुलांना विचारले की ती झोपेबद्दल, सुट्टीबद्दल आणि कोण कसे बोलते याबद्दल सांगतात. जळगाव आणि धुळे येथील हॉटेलांत अनेक वर्षे काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यातल्या बहुतेक गोष्टी मॅनेजरच्या टेबलावर रोज ठरतात. ड्यूटी चार्ट कोण लिहितो, सुट्टी कशी नाकारली जाते, चूक झाल्यावर पहिला शब्द कोणता निघतो, बिघडलेला पंखा किती दिवसांत दुरुस्त होतो, याच गोष्टी कर्मचाऱ्यासाठी नेतृत्व असतात. भिंतीवर लावलेले ध्येयवाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे नेतृत्व हा शब्द मी फक्त मालकासाठी वापरत नाही. शेठ, मॅनेजर, वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन, भटारखान्याचा वस्ताद आणि हाउसकीपिंगचा सुपरवायझर हे पाचही जण आपापल्या जागी नेते असतात, आणि भांड्यांवर बसणाऱ्या मुलासाठी शेठपेक्षा वस्तादच मोठा असतो. कामाच्या मानसशास्त्रात २००१ पासून एक उपयुक्त मांडणी रूढ आहे. तिच्यानुसार प्रत्येक कामात माणसाची शक्ती खाणाऱ्या मागण्या असतात आणि ती शक्ती भरून काढणारी साधने असतात. मागण्या वाढत गेल्या आणि साधने तेवढीच राहिली की माणूस थकून तुटतो. हॉटेलच्या धंद्यातील मागण्या फारशा कमी करता येत नाहीत, कारण गिऱ्हाईक रात्री दहालाच येते आणि लग्ने उन्हाळ्यातच असतात. साधने मात्र नेत्याच्या हातात असतात. पुढील पायऱ्या त्या साधनांविषयी आहेत.

पहिली पायरी : सात दिवस काहीही न बदलता पाहणे

नवा मॅनेजर आला की पहिल्याच दिवशी मीटिंग घेऊन नियम सांगतो. त्याऐवजी एक साधी वही घ्यावी आणि सात दिवस फक्त नोंदी कराव्यात. प्रत्येक माणूस खरोखर किती वाजता आला आणि किती वाजता गेला, ड्यूटीत बसून जेवायला त्याला किती मिनिटे मिळाली, रात्री साडेबारानंतर तो घरी कसा पोहोचला, एवढे लिहिले तरी पुष्कळ कळते. या सात दिवसांत तीन गोष्टी स्वतः कराव्यात : स्टाफचे जेवण स्टाफबरोबर बसून जेवावे, स्टाफचे संडास-बाथरूम वापरावे, आणि मुले जिथे झोपतात त्या खोलीत दुपारी एक तास आडवे पडून पाहावे. गिऱ्हाइकाला झणझणीत शेवभाजी आणि भरीत वाढणाऱ्या माणसाला मागच्या दाराजवळ उभ्याने कालची भाजी खावी लागत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर आतिथ्य कुठून येणार, हा प्रश्न त्या खोलीत पडल्या पडल्या आपोआप सुचतो.

दुसरी पायरी : ड्यूटी चार्ट नव्याने मांडणे

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

आधी मनुष्यबळाचे गणित करावे. समजा रेस्टॉरंटमध्ये रोज ६ वेटर उभे हवेत. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या २१९० ड्यूट्या झाल्या. एका माणसाला ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ पगारी सण-सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि सुमारे १४ अर्जित रजा दिल्या, तर तो वर्षाला साधारण २८३ दिवस कामावर येतो. २१९० ला २८३ ने भागले की उत्तर पावणेआठच्या आसपास येते, म्हणजे ६ जागांसाठी ८ माणसे लागतात. आपल्याकडे ६ जागांसाठी ६ नाहीतर ७ माणसे ठेवतात आणि मग सुट्टी मागणारा प्रत्येक जण मॅनेजरला अडचणीचा वाटू लागतो. मॅनेजर मुळात चिडका नसतो. दोन माणसे कमी असल्याने तो चिडका होतो, आणि त्याचा तो चिडकेपणा खालच्या सर्वांना सोसावा लागतो. म्हणून शेठने हे गणित स्वतः कागदावर सोडवून पाहावे. त्याच्या मॅनेजरच्या स्वभावाची निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

वर दिलेल्या सुट्ट्या कोणाची मेहेरबानी नाहीत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ हा मुळात १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ पगारी सुट्ट्या, दर २० दिवसांच्या कामामागे १ अर्जित रजा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी अशा तरतुदी त्यात आहेत. मूळ कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. तासांच्या आणि कामगारसंख्येच्या तरतुदींत बदल होत असतात, त्यामुळे चार्ट पक्का करण्यापूर्वी चालू मजकूर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात पाहून घ्यावा.

यानंतर ब्रेक शिफ्टकडे, म्हणजे मध्ये काही तासांची सुट्टी ठेवून दोन तुकड्यांत भरायच्या ड्यूटीकडे वळावे. ती पूर्णपणे बंद करा, असे मी म्हणणार नाही, कारण ज्या हॉटेलात दुपारी साडेतीन ते सात टेबले रिकामी असतात, तेथे सर्वांना सरळ ड्यूटी देणे परवडत नाही. मात्र ब्रेक शिफ्ट कोणाच्याही वाट्याला कायमची येता कामा नये. तीन गट करावेत. एका गटाला सकाळची सरळ ड्यूटी, दुसऱ्याला दुपारी तीननंतरची सरळ ड्यूटी आणि तिसऱ्याला ब्रेक शिफ्ट असावी, आणि दर आठवड्याला हे गट फिरवावेत. रात्री उशिरा सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या नाश्त्याला बोलावू नये. दोन ड्यूट्यांमध्ये ११ तासांचे अंतर राहील, अशी मर्यादा चार्टच्या वर लाल शाईने लिहून ठेवावी. अजिंठ्याचे पाहुणे पहाटे निघतात, त्यांच्या नाश्त्याला माणूस लागतो, हे खरे आहे. पण तो आदल्या रात्री बँक्वेटला असलेला माणूस नसावा.

चार्ट १४ दिवस आधी लावावा. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सवलत आहे. पोरीच्या शाळेतील मीटिंग, आईला जळगावच्या दवाखान्यात नेणे, मित्राची हळद, या सगळ्या गोष्टी दोन आठवडे आधी माहीत असतात, आणि चार्टही तितकाच आधी लागला तर माणूस आपले आयुष्य त्यात बसवू शकतो. दोघांनी आपसात ड्यूटी बदलायची असेल तर त्यांनी कॅप्टनकडे दोघांच्या सह्या द्याव्यात आणि कॅप्टनने कारण विचारू नये. कामाच्या वेळेवर माणसाची थोडी तरी सत्ता असली की तेच काम त्याला कमी जड जाते.

हाउसकीपिंगचा चार्ट वेगळा लिहावा आणि तो खोल्यांच्या संख्येवर न लिहिता कामावर लिहावा. पाहुणा मुक्कामाला असलेली खोली आणि चेकआउट झालेली खोली यांत जवळजवळ दुपटीचा फरक असतो. लग्नाच्या वऱ्हाडाने सोडलेल्या खोलीला तर त्याहूनही वेळ लागतो. एकीला बारा मुक्कामी खोल्या आणि दुसरीला बारा चेकआउट दिले, तर वहीत काम सारखे दिसते आणि पाठ दुसरीचीच दुखते.

तिसरी पायरी : आखाजी, होळी आणि कानबाई चार्टवर आधीच लिहिणे

खान्देशातल्या हॉटेलाचे रजेचे वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या पुस्तकातून उचलता येत नाही. येथे दिवाळीपेक्षाही अडचणीचा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांची घागर भरली जाते, आणि शेतावरच्या सालदाराचे वर्षही याच सणाला संपून नवे ठरते. नेमका तोच दिवस लग्नाच्या मुहूर्ताचा असतो, म्हणून हॉल भरलेला असतो आणि हाउसकीपिंगच्या निम्म्या बायकांना माहेरची ओढ लागलेली असते. “भाऊ, माले आखाजीले माहेरले जानं शे,” असे कोणी आठवडाभर आधी म्हटले की मॅनेजर कपाळाला हात लावतो. वास्तविक हा दिवस वर्षभर आधी पंचांगात छापलेला असतो.

उपाय असा की, जानेवारीतच मोठ्या कागदावर वर्षाचे बारा महिने आखावेत आणि त्यावर आपल्या माणसांचे सण लिहावेत. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी रात्रभर जागते. धडगाव आणि अक्कलकुवा भागातील मुले त्या दिवसांत जाणारच. रजा नाकारली तरी ती जातात, आणि मग परत यायला लाजतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते, त्या वेळी भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी एकत्र येतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार असतो, तेव्हा शहादा-दोंडाईचाकडच्या हॉटेलात खोल्या मिळत नाहीत. त्यामुळे तिथल्या चार्टमध्ये हा काळ रजेचा धरता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रत्येकाने वर्षातले दोन सण निवडावेत, त्यातला एक नक्की मिळेल असे मॅनेजरने लिहून द्यावे, आणि गेल्या वर्षी ज्याला आखाजी मिळाली नाही त्याचे नाव या वर्षी पहिले असावे. उत्तराखंड, नेपाळ किंवा बंगालहून आलेल्या कारागिरांसाठी हिशोब निराळा ठेवावा. त्यांना दोन दिवसांची रजा उपयोगाची नसते, वर्षातून एकदा सलग वीस-पंचवीस दिवस लागतात.

चौथी पायरी : भटारखान्यातील उष्णता

जळगाव आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, हे सांगायला नको. तंदूर आणि भट्ट्या पेटल्यावर आत त्याहून किती जास्त होते, ते तिथे उभे राहणाऱ्यालाच कळते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या हॉटेलात मॅनेजर होतो, तेथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात चारशे पानांचे लग्न होते. भटारखान्यातील एक्झॉस्ट पंखा आठ दिवस अडखळत चालत होता आणि वस्तादाने मला दोनदा सांगितले होते. “एवढं लग्न होऊ दे, मग मिस्त्रीला बोलावतो,” असे मी म्हणालो. रात्री साडेआठला पंखा बंद पडला. नऊच्या सुमारास तंदूरवरचा मुलगा रोट्या लावता लावता थांबला, हातातली सळई त्याने उलटी धरली आणि वस्तादाला भलत्याच नावाने हाक मारली. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. मी पोहोचलो तेव्हा त्याची कातडी तव्यासारखी तापलेली होती आणि विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देत नव्हता. आम्ही त्याला मागच्या अंगणात आणले, शर्ट काढला, अंगावर पाणी ओतून पुठ्ठ्याने वारा घातला, बर्फ फडक्यात बांधून मानेला आणि काखेत लावला आणि १०८ ला फोन केला. दोन दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला की अर्ध्या तासापासून डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण सांगितले असते तर दुसऱ्याला तंदूरवर उभे केले असते आणि आपण परत भांड्यांवर गेलो असतो. पंख्याची चूक माझी होतीच. ती भीतीही माझ्याच कारभारात तयार झाली होती, हे मला त्या खाटेजवळ उभे असताना कळले.

त्यानंतर मी जे केले आणि आजही इतरांना करायला सांगतो, ते असे. मार्च संपायच्या आत एक्झॉस्ट, चिमणी आणि ताज्या हवेचा पंखा उघडून साफ करून घ्यावा, आणि भटारखान्यातील हवेची तक्रार आली की त्याच दिवशी मिस्त्री येईल एवढा अधिकार वस्तादाला द्यावा. त्यासाठी शेठच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. भट्टीजवळच्या माणसाने दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, म्हणून माठ त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवावा. दुपारी आणि संध्याकाळी मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे सर्वांसाठी असावे, ओआरएसची पाकिटे कपाटात असावीत आणि कपाटाला कुलूप नसावे. तंदूरवर एका वेळी एकाने ४०-४५ मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू नये. नव्याने आलेल्या किंवा महिनाभराच्या रजेवरून परतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात भट्टीसमोर थोडा थोडा वेळच द्यावा, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. बोलण्यात घोळ, तापलेले अंग, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे प्रत्येकाला तोंडपाठ हवीत. अशा माणसाला सावलीत नेऊन ताबडतोब थंड करावे, १०८ ला कळवावे आणि शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये. “चक्कर येते” असे सांगणाऱ्याची जागा त्याच्यासाठी राखलेली राहील, हे वस्तादाने सर्वांसमोर बोलून दाखवावे आणि पाळावे.

पाचवी पायरी : पगार, उचल आणि टीप

पगाराची तारीख ठरलेली असावी आणि ती चुकू नये. शेठला तीन दिवसांचा उशीर किरकोळ वाटतो, पण वेटरच्या घरभाड्याची तारीख पुढे जात नाही.

उचलीचा विषय नाजूक आहे. आपल्याकडे आचारी आणि वेटर लग्न, आजारपण किंवा पेरणीसाठी उचल घेतात आणि मग ती फिटेपर्यंत नोकरी सोडू शकत नाहीत. काही मालक ही माणसे टिकवण्याची युक्ती समजतात. मला हे अजिबात मान्य नाही. उचलीने बांधलेला माणूस कामावर असतो, पण त्याचे मन कामात नसते, आणि वस्तादाच्या शिव्या तो निमूट ऐकतो, कारण त्याला जाता येत नाही. उचल जरूर द्यावी, परंतु तिची चिठ्ठी दोघांकडे असावी, दरमहा कपात पगाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहावी आणि नोकरी सोडणाऱ्याला हप्ते बांधून देण्याची सोय असावी. २० किंवा अधिक माणसे असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. त्याचा उतारा मोबाइलवर कसा पाहायचा, हे मॅनेजरने एकेकाला शेजारी बसवून दाखवावे.

टीप एका डब्यात जमा होत असेल तर तिचा हिशोब दर आठवड्याला नोटीस बोर्डावर लागावा आणि भांड्यांवरच्या माणसाचाही त्यात वाटा असावा. बिलात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे त्या रकमेवर पगाराचे गणित बसवू नये.

सहावी पायरी : चूक झाल्यावरची पहिली पाच मिनिटे

वेटरच्या कामात अंगमेहनतीइतकेच मनाचेही श्रम असतात. आत राग आलेला असताना चेहरा हसरा ठेवणे हाही कामाचाच भाग आहे, आणि दिवसभर तसे केल्याने माणूस आतून रिता होतो. अशा वेळी मागून त्याचाच माणूस त्याच्यावर ओरडला, तर त्याला आधार कुठेच उरत नाही.

म्हणून एक क्रम ठरवून घ्यावा. ऑर्डर चुकली, गिऱ्हाईक ओरडले, तर कॅप्टनने आधी टेबलाकडे जावे, “आमची चूक झाली, दहा मिनिटांत बदलून देतो,” असे म्हणावे आणि वेटरला दुसऱ्या टेबलाकडे पाठवावे. वेटरला गिऱ्हाइकासमोर रागावणे, म्हणजे गिऱ्हाइकाचे समाधान करण्यासाठी आपल्या माणसाची अब्रू खर्च करणे होय. ड्यूटी संपल्यावर, एकांतात, दोनच प्रश्न विचारावेत : काय झाले, आणि पुढच्या वेळी काय केले तर होणार नाही. बहुतेक वेळा उत्तरात हॉटेलचीच उणीव निघते. केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, अक्षर लागले नाही, काळ्या मसाल्याची भाजी आणि साधी भाजी एकाच रंगाच्या भांड्यात निघाली, कॅप्टन तीन हॉल एकटा पाहत होता. उणीव हॉटेलची निघाली तर तसे कबूल करावे. ज्या हॉटेलात चूक सांगणे सुरक्षित असते, तेथे चुका लवकर कळतात, आणि खाण्यापिण्याच्या धंद्यात लवकर कळण्याला फार किंमत आहे.

वेटरला ठरावीक रकमेपर्यंत, समजा ३०० रुपयांपर्यंत, पदार्थ बदलून देण्याचा किंवा बिलातून वगळण्याचा अधिकार द्यावा. गैरफायदा घेतला जाईल अशी शंका मालक काढतात. मी दोन हॉटेलांत हे केले आहे आणि महिन्याची एकूण रक्कम एका बिघडलेल्या टेबलाच्या बिलाइतकीही भरली नाही.

गिऱ्हाईक दारूच्या नशेत शिवीगाळ करू लागले किंवा अंगावर हात टाकला, तर मॅनेजरने स्वतः पुढे होऊन बिल घेऊन त्यांना उठवावे. महामार्गावरच्या पर्मिट रूममध्ये हा प्रसंग येतोच, आणि त्या रात्री मॅनेजर कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे मुले वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

सातवी पायरी : कॅप्टन आणि वस्ताद घडवणे

शेठ कितीही सज्जन असला तरी त्याची सज्जनता कॅप्टन आणि वस्ताद यांच्यामार्फतच खाली जाते. आपल्याकडे सर्वांत चांगला स्वयंपाक करणारा वस्ताद होतो आणि सर्वांत जुना वेटर कॅप्टन होतो. माणसे सांभाळण्याचे शिक्षण दोघांनाही कोणी दिलेले नसते. त्यांचे वस्ताद जसे वागले तसेच ते वागतात, आणि झाऱ्याने मारणारा वस्ताद बहुधा झाऱ्याचा मार खाऊनच मोठा झालेला असतो. त्याला नुसते दटावून उपयोग होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा त्याच्याबरोबर चहा घेत एकेका हेल्परविषयी बोलावे : कोण काय शिकला, कोणाला पुढचे काम द्यावे, कोण गप्प झाला आहे. त्याच्या पगारवाढीत त्याच्या हाताखालची किती मुले टिकली आणि किती शिकली, याला पदार्थांच्या चवीइतकेच महत्त्व द्यावे. मारहाण आणि आईबहिणीवरून शिव्या यांना मात्र एकदाच ताकीद असावी. दुसऱ्या वेळी हाताला कितीही चव असली तरी निरोप द्यावा. हा निर्णय लग्नसराईच्या तोंडावर घ्यावा लागतो तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते.

आठवी पायरी : महिला कर्मचारी

कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती, पुरेसे संरक्षण आणि घरापर्यंत वाहनाची सोय लागते. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान हॉटेलातील महिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. समितीची नावे कपडे बदलण्याच्या खोलीत मराठीत लावावीत. एकट्या पुरुष पाहुण्याच्या खोलीत सफाईला जाताना दार उघडे ठेवून ट्रॉली दारात आडवी लावण्याची पद्धत घालून द्यावी, आणि एखाद्या खोलीत जायला ताईने नकार दिला तर सुपरवायझरने तिला कारण न विचारता दुसरी खोली द्यावी.

नववी पायरी : थकलेला माणूस ओळखणे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हॉटेलात ती अशी दिसतात : नेहमी वेळेवर येणारा रिसेप्शनिस्ट रोज वीस मिनिटे उशिरा येतो, हसतमुख वेटर गिऱ्हाइकांना मागे नावे ठेवू लागतो, जुना कारागीर साध्या फोडणीलाही “तुम्हीच बघा” म्हणतो, एखादा ड्यूटीनंतर रोज पिऊ लागतो. नेत्याने डॉक्टर होऊ नये. “दोन आठवडे झाले, तू पहिल्यासारखा नाहीस असं मला वाटतंय, काही जड जातंय का?” एवढे विचारून गप्प बसावे आणि ऐकावे. रात्रपाळीला लावू नये, दोन दिवस सलग सुट्टी द्यावी, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याला द्यावा. तेथे मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा कोणी केली तर त्याला एकटे सोडू नये आणि घरच्यांना सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात न्यावे.

दहावी पायरी : वहीत चार आकडे

पहिल्या पायरीतील तीच वही पुढे चालू ठेवावी आणि महिन्याच्या शेवटी तिच्यात चार आकडे लिहावेत : किती जण सोडून गेले, ठरलेल्या साप्ताहिक सुट्ट्यांपैकी किती रद्द झाल्या, ११ तासांची मर्यादा किती वेळा मोडली, आणि न सांगता गैरहजर राहण्याचे प्रसंग किती. सोडून जाणाऱ्याशी सगळेच बोलतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. टिकलेल्या माणसांपैकी दर महिन्याला दोघांना बसवून विचारावे की तुम्ही इथे कशामुळे थांबला आहात आणि कशामुळे जाल. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे.

तीन महिन्यांनी चारही आकडे जागच्या जागी असतील तर आधी रद्द झालेल्या सुट्ट्यांची पाने उघडावीत आणि त्या कोणत्या वारी, कोणाच्या सांगण्यावरून रद्द झाल्या ते पाहावे. माझ्या अनुभवात दोनच उत्तरे निघतात. एक तर माणसे कमी असतात, आणि मग दुसऱ्या पायरीतील गणिताकडे परत जावे लागते. नाहीतर शेठ हॉलचे बुकिंग मॅनेजरला न विचारता परस्पर घेतात. तसे असेल तर बुकिंगचे रजिस्टर आणि ड्यूटी चार्ट एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत, आणि चार्टवर त्या तारखेची माणसे मोजल्याशिवाय बयाणा घेऊ नये.